कोरी करवत

मिस्त्री : अहो ताई, फाडू नका! खोक्यालाही भाव असतो.

लेक : ह्या पुठ्ठ्याला? अहो, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय.

मिस्त्री : उंदरांनी खाल्लेला चालतो. माणसं काय करतात, खोकं आधी फेकतात. म्हणून तर जुन्या मशीनचं खोकं सापडत नाही. काकू, तुम्ही बसा ना. ते स्टूल घ्या, त्याला ग्रीस लागलेलं नाही.

आई : मी उभी आहे तीच बरी.

लेक : आई, बस गं. खांदा ठणकायला लागला की हिला उभंच राहायचं असतं.

आई : खांद्याचा आणि उभं राहण्याचा काय संबंध?

लेक : तेच तर मी विचारतेय!

मिस्त्री : अरे वा... हे बघा ताई. रंग जसाच्या तसा. पान्याची पुडीसुद्धा आहे. चाळीस वर्षं झाली असतील ह्या मॉडेलला. इंजिनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण पेट्रोलवरची अशी करवत मी चित्रातच पाहिली होती. कुठे होती ही?

लेक : आमच्या वखारीत, माळ्यावर. जळाऊ लाकडाची वखार होती आमची. बाबा मागच्या वर्षी गेले. आता जागा रिकामी करतोय.

मिस्त्री : आणि कधी वापरली नाही म्हणता?

लेक : कधीच नाही. मी शाळेत होते तेव्हा आणली. आणली आणि ठेवून दिली. आणि ह्या बाईनं पुढची सगळी वर्षं हातानं करवत ओढली. दोघांची करवत असते ना, ती लांब? एका टोकाला बाबा, एका टोकाला ही. ओंडक्यांवर ओंडके. आता डॉक्टर म्हणतात खांद्याचं ऑपरेशन करा.

आई : डॉक्टरांना काय, ते म्हणणारच.

लेक : ऑपरेशनला थोडे पैसे कमी पडतायत. ह्यातून निघाले तर बरं, म्हणून आणलीय. हिच्यापायी गेलेला खांदा हिच्यातूनच भरून निघू दे.

मिस्त्री : हिच्यापायी कसा? ही तर माळ्यावर होती.

लेक : त्याचसाठी म्हणतेय! माळ्यावर नसती तर खांदा गेला नसता. बाबा म्हणजे... जाऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.

आई : मग नको बोलूस.

लेक : चिक्कू होते, आई. पेट्रोलचे पैसे जातील म्हणून बायकोला राबवलं. मी त्यांच्या तोंडावर म्हणत आले, आता मागे म्हटलं तर काय बिघडलं?

मिस्त्री : हं... ताई, मी सरळ सांगतो. ही करवत मी घेणार नाही, मी फक्त भाव सांगणार. माझ्या ओळखीचे एक बागवाले आहेत. त्यांच्या वडिलांकडे हेच मॉडेल होतं, बरीच वर्षं शोधतायत. माणूस सचोटीचा आहे. पण भाव एकाच गोष्टीवर ठरतो. कोरी आहे की वापरलेली. कोरी असली तर वापरलेलीच्या तिप्पट.

लेक : कोरी आहे, सांगितलं ना.

मिस्त्री : तुम्ही सांगितलंत. आता मला तिला विचारू द्या. जरा दिवा इकडे फिरवा... हं. टाकीत कधीतरी पेट्रोल घातलंय.

लेक : आँ?

मिस्त्री : घातलंय, आणि परत काढून टाकी पुसून ठेवलीय. म्हणून तर आत खराब झालेली नाही. मालक जपणारा होता. आणि साखळी जिच्यावर फिरते ती ही पट्टी बघा. इथे खाली, काळपट डाग. लाकडाला लागून तापल्याचा.

लेक : म्हणजे वापरली होती?

आई : एकदा. एकदाच लावली होती.

लेक : मला कधी बोलली नाहीस!

आई : तू शाळेत होतीस. ह्यांनी अंगणात ओंडका मांडला, दोरी ओढली, सुरू झाली. काय तो आवाज! कावळे उडाले. लाकडाला लावली तर नुसता धूर. भुसा म्हणून पडेना. हे म्हणाले, फसवं निघालं मशीन. पुसली आणि खोक्यात घातली.

लेक : मग दुकानात परत का नाही दिली?

आई : तेही विचारलं होतं शेजाऱ्यांनी.

मिस्त्री : एक मिनिट. धूर, आणि भुसा नाही... काकू, साखळी कुणी चढवली होती?

आई : ह्यांनीच.

मिस्त्री : हात्तिच्या! ताई, इकडे या. ही साखळी वेगळी पुडीत येते, घेणाऱ्यानं पट्टीवर चढवायची असते. वरच्या बाजूला दातांची तोंडं टोकाकडे पाहिजेत. आणि ही बघा, सगळी इंजिनाकडे. उलटी चढवलीय! अशी करवत जन्मभर चालवा, धूर निघेल, लाकूड कापणार नाही. मशीन फसवं नव्हतं हो. साखळी फिरवली असती की लोण्यासारखं कापलं असतं.

लेक : अरे देवा. म्हणजे एवढ्याशा चुकीसाठी... बाबांना कळलं नाही?

मिस्त्री : होतं असं. नवख्या माणसाची पहिली चूक हीच.

आई : नवखे नव्हते ते.

मिस्त्री : मशीनला नवखे, असं म्हणतोय मी.

आई : दातांना नव्हते. रोज संध्याकाळी कानस घेऊन बसायचे. एकेका दाताला धार लावायचे. अख्ख्या पेठेतले लोक करवती ह्यांच्याकडे आणायचे. दात कुठल्या बाजूनं चावतो हे त्यांना अंधारात बोट फिरवून कळायचं.

लेक : मग?

मिस्त्री : ताई, मी जरा बागवाल्यांना फोन करून येतो.

आई : थांबा भाऊ. भाव तुम्ही ठरवताय, तर ऐकून ठरवा. आणि तूही ऐक. मशीन आणलं ना, ते माझ्यासाठीच आणलं होतं. तेव्हाच माझा खांदा धरायला लागला होता. स्वतःची सायकल विकली. खोकं अंगणात ठेवलं आणि म्हणाले, उद्यापासून तू करवतीला यायचं नाहीस. घरात बस आरामात. मी एकटा बघतो.

लेक : बाबांनी सायकल विकली?

आई : तुला काय वाटलं, चोरीला गेली? असो. मी म्हटलं, बरं. तोंडानं म्हटलं हो, पण संध्याकाळी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. हे काही बोलले नाहीत, तशीच जेवले.

लेक : पण का? आराम मिळत होता तुला.

आई : कसला आराम गं? ओंडक्याच्या त्या बाजूला हे, ह्या बाजूला मी. आमचा सगळा संसार तिथेच झाला. घरात तुझी आजी, आजोबा, दोन दीर. बोलायला जागा कुठे होती? करवत ओढता ओढता बोलायचो. तुझं नाव तिथे ठरलं. भांडणंसुद्धा तिथेच. मी रागात असले की जोरात ओढायची, त्यांना बरोबर कळायचं. आणि ते मशीन तर एवढं ओरडतं, त्यात कोण काय बोलणार? आणि मी घरात, ते अंगणात.

मिस्त्री : खरंय. कानात बोळे घालावे लागतात.

आई : सकाळी उठून हे साखळी चढवायला बसले. मी चहा घेऊन गेले. बघितलं, तर दात उलटे. त्यांनीही वर बघितलं. म्हटलं आता हसतील. हसले नाहीत. शांतपणे पेट्रोल ओतलं, धूर केला, फसवं फसवं म्हणून चार लोकांना ऐकवलं, आणि मला म्हणाले, चला बाईसाहेब, धरा टोक.

लेक : तू... तुला दिसलं होतं?

आई : मीसुद्धा वखारीतलीच बाई आहे. मला दात कळत नाहीत होय?

लेक : आणि दोघंही काही बोलला नाहीत? कधीच?

आई : बोलायचं काय त्यात? दोघांनाही माहीत होतं.

लेक : आई, पण खांदा गेला ना गं.

आई : गेला. दुखतो, खोटं कशाला बोलू? रात्री कूस बदलता येत नाही. त्यांचाही गेला होता. ते मला शेकायचे, मी त्यांना.

लेक : आणि मी त्यांना चिक्कू म्हणत राहिले. जेवताना, पाहुण्यांसमोर. तू एकदा तरी सांगायचंस.

आई : सांगणार होते. तेच नको म्हणाले. म्हणाले, पोरीला तुझी काळजी आहे म्हणून ती माझ्यावर चिडते. चिडू दे. तेवढी चिडणारी घरात असावी.

लेक : असं म्हणाले?

आई : हसत म्हणाले. अगं रडतेस काय वेडाबाई, भाऊंच्या दुकानात? हे घे, पदराला पूस. त्या फडक्याला नको, काळं होईल तोंड.

(मिस्त्री नळावरून पाण्याचा तांब्या भरून आणतो.)

मिस्त्री : घ्या ताई, पाणी प्या.

लेक : आपण नको विकायला. आई, चल. मी बघते पैशांचं दुसरं काही.

आई : विकायची. सायकल त्यांनी माझ्या खांद्यासाठीच विकली होती ना? मग ते पैसे आता खांद्यालाच लागू देत. उशिरा का होईना. भाऊ, भाव सांगा. डाग आहे म्हणून कमी करायचा असेल तर करा, लपवायचं नाही.

मिस्त्री : मी काय म्हणतो काकू, करवतीनं लाकूड कापलं की ती वापरलेली. हिनं एवढंसुद्धा कापलेलं नाही. म्हणजे माझ्या हिशेबानं ही कोरीच. डाग मी बागवाल्यांना दाखवीन, उलट्या साखळीचंही सांगीन. पण भाव कोऱ्याचा. त्याच्याखाली उतरू देणार नाही.

लेक : आई, आणि ती दुसरी? दोघांची?

आई : ती दाराच्या मागे आहे. ती नाही द्यायची.

लेक : तुझं ऑपरेशन झालं, बरं वाटलं, की मला शिकवशील? जोरात नाही, उगाच थोडीशी.

आई : तुला नाही जमायचं.

लेक : का नाही जमणार?

आई : तिच्यात ओढणं सोपं असतं. समोरचा ओढायला लागला की आपण सैल सोडायचं असतं. तू सोडतेस कुठे काही?

लेक : शिकेन गं.

आई : बघू.

मिस्त्री : मग काकू, राहू द्या इथे. बागवाले उद्या येतील. साखळी मात्र... तुम्ही म्हणाल तर आहे तशीच ठेवतो. ते स्वतः फिरवून घेतील.

आई : कामाला घेणार आहेत ना ते? नुसती बघायला नाही?

मिस्त्री : छे, छे. छाटणी सगळी स्वतः करतात. बायको गेली, मुलं परगावी. बागेत एकटेच असतात.

आई : मग सरळ करून द्या. एकट्या माणसाला कापता आलं पाहिजे.