अप्पांनी विचारलेला प्रश्न

कॅनडाचं नॉमिनेशन मिळालं खरं, पण ते मला मिळालं की अप्पांना, हे मला अजून कळलेलं नाही.

मी महाडला नर्स आहे. तिकडच्या एका प्रांताला खेड्यातल्या वृद्धाश्रमासाठी नर्स हव्या होत्या. प्रांताने सरकारला तुमचं नाव सुचवलं, म्हणजे नॉमिनेशन दिलं, की तिथं कायमचं राहण्याची वाट मोकळी होते. मी अर्ज केला, व्हिडिओवर मुलाखत ठरली. नेमके त्याच दिवशी अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावाहून, कुडपणहून, तांदूळ घेऊन आले होते. ते शेजारी बसून गुपचूप ऐकत होते.

शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, "कागद हातात पडले की आमचं गाव सोडून शहरात तर जाणार नाही ना?"

"काय म्हंतोय गो तो?" अप्पांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्याला इचार, त्याची पोरं कुठं हायत?"

मी घाईघाईने माइक बंद करायला गेले. पण आवाज तिकडे पोचला होता. "कोण बोलतंय? काय म्हणतायत?" अधिकाऱ्याने विचारलं. आता लपवणार काय? मी प्रश्न सांगून टाकला.

तो हसला नाही. म्हणाला, "दोन मुलं आहेत. दोघंही शहरात. नाताळला येतात, जमलं तर."

मी ते मराठीत सांगितलं. माझा भाऊ मुंबईहून गणपतीला येतो, तोही जमलं तरच. अप्पा स्क्रीनवरच्या त्या माणसाच्या जवळ सरकले.

मग हळूच म्हणाले, "सांग त्याला, माझी पोर पाठवतोय."