पहिला नंबर

दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं नवं ॲप बसवायला एक बहीण-भाऊ लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारच्या खुर्चीतल्या मावशींच्या पुढे अजून अख्खी रांग होती. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, पण कान शाबूत होते.

"ताई, ॲप चालू आहे, पण पान काही उघडत नाही."

"चालू कुठे आहे?"

"व्हर्च्युअल मशीनमध्ये. लॅपटॉपच्या पोटात दुसरा लॅपटॉप."

"मग बाहेरची हाक पोटात पोचणार कशी? पोर्ट फॉरवर्ड केलास का?"

"केला की! दारात जो येईल त्याला थेट आत धाडायचं."

"दार कुठल्या पत्त्यावर?"

"इथल्या वायफायवरच्या. हा बघ." त्याने आकडा न् आकडा मोठ्याने वाचला.

मावशींनी हळूच फोन काढला.

"आणि तू उघडून बघतोयस कुठून?"

"याच लॅपटॉपवर, लोकलहोस्ट टाकून. म्हणजे घरातल्या घरात."

"अरे शहाण्या! म्हणजे बाहेरच्यांना दार सताड उघडं आणि घरच्यालाच कडी!"

"बाहेरचं कोण येतंय इथे? सगळे गाल धरून बसलेत."

"बडबड पुरे. तोच पत्ता टाक."

"टाकला... ताई, उघडलं!"

"यादी रिकामी आहे ना?"

"नाही गं. पहिल्या नंबरवर कोणीतरी आहे."

"कोण?"

"'दाढ ठणकणारी बाई.'"

मावशींनी पर्स उचलली.

"सरका रे जरा. नंबर लागलाय माझा."