परागच्या आजोबांचं बंदर

अरे, परागबरोबर चालायला जायचं म्हणजे ना! कुलाब्यापासून शीव कोळीवाड्यापर्यंत जुन्या बंदरांच्या कडेकडेने पायी जायचं, ही त्याचीच टूम. त्याचे आजोबा कोकणातून गलबताने आले ते माझगावच्या बाजूला कुठेतरी उतरले म्हणे. तिथे त्याला फोटो काढायचा होता.

माझगावात आम्ही रस्ता चुकलो. परागने एका टॅक्सीवाल्याला विचारलं, "भाईसाब, यहाँ पुराना बंदर किधर है?"

"पुराना? वो तो मर गया."

परागचा चेहराच उतरला. मला म्हणाला, "गाळाने बुजलं असणार रे."

"नया आया है ना," टॅक्सीवाला म्हणाला. "सीधा जाके लेफ्ट. टिकट लगेगा."

"बंदराला तिकीट?" मी विचारलं.

"हेरिटेज असेल," पराग म्हणाला.

राणीच्या बागेचं गेट दिसलं तरी हा म्हणतोय, "मागच्या बाजूला समुद्र असेल."

शेवटी माकडांच्या पिंजऱ्यापुढे आम्ही दोघं उभे. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. "पोचलास का रे? आजोबांच्या बंदराला माझा नमस्कार सांग हं."

"सांगतो," म्हणाला, आणि पिंजऱ्यापुढे हात जोडले की त्याने!