चाळीस हातांचं जाळं

आखातातल्या सित्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे रत्नागिरीचा बासित आणि त्याचे रहिमतुल्लाचाचा उभे होते. बासितच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता.

“सशाला मासे धरायचं नायलॉनचं जाळं? वाघर सुती लागते, पोरा.”

“इथं सुती कुठं मिळणार, चाचा? परवा ताणून बांधलं, तर ससा आपटून पळाला. म्हणून काल ढिलं सोडलं.”

“मग?”

“सशामागून कुत्रा आला, तोच गुरफटला. सोडवायला गेलो, तर चावला.”

“जाळं कापायचंस ना!”

“चाळीस हातांचं जाळं, चाचा. कापवेना.”

“गळ्यात पट्टा होता?”

“मफी, नव्हता. तोंडाला फेस होता.”

“या अल्ला! सलमानिया इस्पितळात चल, इंजेक्शन घे.”

“कुठं चावला विचारतील. अस्कर गावाबाहेरच्या कुंपणाशी काय करत होतास म्हणतील. इथं शिकारीला बंदी. व्हिसा खलास.”

“जखम धुतलीस तरी?”

“हळद भरली. मार्चात रजा आहे, गावी घेईन इंजेक्शन.”

“मार्चापर्यंत जिवंत राहशील?”

“घाबरवू नका. बस आली, यल्ला.”

“चढायचं नाही. कुणी विचारलं तर सांग, जाळं चाचानं लावलं.”

“आणि तुमचा व्हिसा?”

“व्हिसा गेला तर माणूस घरी पोचतो तरी. टॅक्सी थांबव.”