पडायचंच होतं तर रिसॉर्ट कशाला?

— नाही, आधी ऐकून घे, मग भर कपडे. बहिणीचे कपडे न्यायला रावेतहून आलास ना, ने, मी कुठं अडवलंय, कपाट उघडंच आहे — पण तिनं तुला अर्धंच सांगितलंय. दोन वर्षांतली पहिली सुट्टी होती ही, ज्ञानेश. चाकणला लाइनवर माझ्या हाताखाली चाळीस माणसं, एक जण दोन मिनिटं पाणी प्यायला गेला तर वरून फोन येतो — जयसिंग, लाइन का थांबली? — असल्या नोकरीतून मी शनिवार-रविवार सोडवून घेतला, वॉटर पार्कचं रिसॉर्ट, राहणं-जेवण सगळं, कुणासाठी? विजयश्रीसाठी. बरं, पिंकीसाठीही. आठ वर्षांची पोर, वर्गातल्या सगळ्या जाऊन आल्या, हीच राहिली होती.

कागदावर लिहून काढलं होतं मी सगळं. हस, हस तू. दहाला गेट उघडतं — आधी उंच घसरगुंडी, कारण अकरानंतर तिथं रांग लागते, मग लाटांचं तळं, मग जेवण — आणि आराम नव्हता असं नाही हां, दोन ते अडीच आराम. लिहिला होता! तर तुझी बहीण काय करते — दहा वाजून पाच मिनिटांनी छत्रीखालच्या लांब खुर्चीवर आडवी होते आणि म्हणते, “तुम्ही दोघं जा, मी इथंच पडते.” अरे, पडायचंच होतं तर मोशीतला फ्लॅट काय वाईट होता? काय म्हणालास, घरी कुठं पडते? नाही पडत. चारला उठते. माझी पहिली शिफ्ट, कंपनीची बस पावणेसहाला, डबा लागतो — मग पिंकीची शाळा, मग हिचं भोसरीचं पॅकिंगचं काम, आल्यावर परत स्वयंपाक — पण ते सगळ्याच बायका करतात, त्याचं काय एवढं कौतुक?

आणि मी बसलो ना तिच्याशेजारी. सात मिनिटं बसलो. नाही जमत रे मला — हात रिकामे राहिले की छातीत धडधडतं, वाटतं कुठंतरी काहीतरी अडलंय आणि आता माझंच नाव निघणार. हे तिला सांगायचं सोडून मी म्हटलं, ऊठ, लोक बघतायत. लोक काही बघत नव्हते. मी हात धरून ओढली तेव्हा बघायला लागले.

घसरगुंडीचा जिना लोखंडी, चार-पाच मजले तरी असेल. अर्ध्यात ती पायरीवर बसली. “अहो, डोळ्यांपुढं अंधारी येतीय.” मागं ही एवढी रांग, एक जण म्हणतो, भाऊ, चला की पुढं — मी म्हटलं, मोठ्यानंच म्हटलं, नाटकं बंद कर. उठली. गेली वर. खाली आली ती पाण्यात उभीच राहिना — कमरेएवढं पाणी, ज्ञानेश, तिथं कोण बुडतं? — शिट्टीवाल्यानं उचलून बाहेर काढली. आता अंगात रक्त कमी आहे हे मला काय माहीत? हिमोग्लोबिन सात म्हणजे कमी असतं हे मला कसं कळणार, मी काय डॉक्टर आहे? तिचं रक्त तपासायला दिलं होतं, त्या लॅबवाल्यानं शुक्रवारी माझ्या मोबाइलवर नुसता रिपोर्ट टाकला, त्यात तो आकडा लाल अक्षरांत —

हो. शुक्रवारी. आम्ही शनिवारी गेलो.

असा बघू नकोस माझ्याकडं. सांगणारच होतो मी, रविवारी, घरी आल्यावर. आधी सांगितलं असतं तर ती आली असती? नसती आली. रिसॉर्टच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, आधीचा काही त्रास? मी म्हटलं, नाही. विजयश्री कॉटवर पडून बघत होती. त्या म्हणाल्या, दोन तास हलवू नका. मग दोन तास काय भिंतीकडं बघत बसायचं? मनगटावरचा पट्टा साडेपाचपर्यंत चालतो — गेलो मी पिंकीला घेऊन लाटांच्या तळ्यावर. हो, गेलो! येत नव्हती, ओढत नेली. पोरगी काठाला धरून उभी राहिली नुसती, एक लाट घेतली नाही तिनं. तोवर विजयश्रीनं तुला फोन केला. मी परत आलो तर तू गाडी लावून उभा, ती मागच्या सीटवर, आणि पिंकीनं माझा हात सोडला, दार उघडलं आणि आईला चिकटून बसली. मला विचारलंसुद्धा नाही.

आता काय म्हणतात डॉक्टर? महिनाभर? — बरं. करू दे आराम. तुझ्याकडंच करू दे. मी येत जाईन शिफ्ट सुटली की, घटकाभर बसेन, बोलणार नाही काही — का नको? तिनं सांगितलंय येऊ नका म्हणून? बायको आहे माझी, ती मला — विजयश्रीनं नाही?

मग कुणी?

पिंकीनं?

जा तू, ज्ञानेश. राहिले असतील कपडे तर राहू देत. जा म्हटलं ना.