आगू आणि आगे

शर्यतीच्या आदल्या दिवशी माणसानं गप घरी बसावं, एवढं मलाबी कळतं. पण बसवतंय कुणाला? सकाळपासून पाय नुसते शिवशिवत होते. माझ्यासोबत सराव करणारा व्यंकटेश फोनवर बजावत होता, "आज पळलास तर उद्या मोहोळच्या बाजारातल्या म्हशीसारखा चालशील बघ."

मी म्हटलं, "तरी तुझ्या पुढंच असेन की."

फोन ठेवला, बूट चढवले आणि तलावाकडं निघालो. थोडंसंच पळायचं ठरवून.

जरा पुढं गेलो तोवर मागून सायकलची घंटी वाजली. वळून बघतो तर व्यंकटेशचे वडील. लुंगी वर खोचलेली, जोरजोरात पायडल मारत "आगू, आगू" असं ओरडत येतायत. काकांच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळं मला वाटलं, हिंदीतलं 'आगे'च म्हणतायत, उच्चार तेवढा घरचा. मला लई जोर चढला. ते जितकं ओरडले तितका मी जास्त पळालो. तलावाला पूर्ण फेरी झाली.

शेवटी काकांनी सायकल माझ्यापुढं आडवी घातली. धापा टाकत म्हणाले, "अरे, तेलुगूत आगू म्हणजे थांब. तू ऐकणार नाहीस म्हणून पोरानं मला पाठवलं."

दुसऱ्या दिवशी शर्यतीत पायांचे दगड झालेले. एका वळणावर काका उभे होते. मला बघून, खास माझ्यासाठी हिंदीत ओरडले, "आगे, आगे."

मी जागेवर थांबलो.