दोन-आसनी मंडळाचा कान

...आणि वर मला म्हणते कशी, “सर, गाडी चालू आहे!”

चालू आहे? कुठे चालू आहे? मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा! अंतर्ज्वलन इंजिनावर डॉक्टरेट केलेला माणूस, चौतीस वर्षं पोरांना तेच शिकवलं, आणि माझ्या नाकासमोर गाडी चालू होते नि मला पत्ता नाही? ना घरघर, ना थरथर, ना धूर, ना वास... तुम्हाला सांगतो, आवाजच नाही! गाडी आहे की कपाट? म्हणजे... चुकत असेन मी. हल्ली माझं चुकतं. पण आवाज नसलेल्या वस्तूला गाडी म्हणायचं, तर आमच्या बैठकीतल्या सोफ्याने कोणाचं घोडं मारलंय?

थांबा, आधी मंडळाचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा अंधेरीच्या त्या चकचकीत शोरूममध्ये कडमडायला गेला कशाला.

आमचं एक मंडळ आहे. दोन-आसनी मंडळ. ज्यांच्याकडे दोनच माणसं बसणारी, जमिनीला पोट लावून पळणारी स्पोर्ट्स कार आहे, त्यांचं. माझी लाल आहे. कुठली ते विचारू नका, नाव सांगितलं की लोक लगेच किंमत विचारतात. एकोणसत्तर सालची, विलायतेची. कोणीतरी ती आमच्या कॉलेजला प्रयोगशाळेसाठी देऊन टाकलेली, मुलांनी तिचा पार खिमा केला आणि त्र्याऐंशी साली कॉलेजने ती भंगारात काढली. मी ती उचलली. मी आणि गिल्बर्टने. गिल्बर्ट म्हणजे आमच्या वर्कशॉपचा इन्स्ट्रक्टर, राहायला गोराईला. मला इंजिनाचं गणित येत होतं आणि त्याला इंजिन येत होतं. तीन वर्षं आम्ही ती जुळवत होतो. ज्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली... हो, बोललीच, दुसरा शब्द नाही... त्या दिवशी गिल्बर्टने छातीवर क्रॉस काढला आणि मी, आयुष्यात कोणाला मिठी न मारलेला माणूस, ग्रीसने माखलेल्या गिल्बर्टला मिठी मारली. नीला, म्हणजे माझी बायको, अजून विचारते, “माझ्या बाळंतपणाला कॉरिडॉरमध्ये पेपर वाचत बसला होतात ना हो तुम्ही?”

तर त्यातून मंडळ झालं. पुढे गिल्बर्टने स्वतःची हिरवी घेतली, मुलुंडचा भीमराज पिवळी घेऊन आला, एकदा तर आम्ही एकोणीस गाड्या होतो, एकोणीस! रविवारी सकाळी सहाला बोरिवलीत एका हॉटेलासमोर जमायचं, इडली खायची आणि रांगेने भाईंदरवरून, उत्तनवरून गोराईला, गिल्बर्टच्या अंगणात. आम्ही निघालो की हॉटेलासमोरची आख्खी सोसायटी गॅलरीत यायची. शिव्या द्यायला यायची, पण यायची ना!

आणि मंडळाचा एक नियम. डॉक्टरांनी पास दिल्याशिवाय एकही गाडी हलायची नाही. डॉक्टर म्हणजे मी. प्रत्येकाने आपली गाडी चालू करायची आणि गप्प उभं राहायचं. मी हातात लांब स्क्रूड्रायव्हर घेणार, त्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे बंद. “टॅपेट ढिला आहे, तिसरा.” “टायमिंग मागे पडलंय.” “प्लग बदल, दोन नंबरचा.” चूक नाही, एकदाही नाही! माझा प्रबंध जगात तीन माणसांनी वाचला, त्यातला एक मी. पण माझा कान? मुलुंडपासून विरारपर्यंत लोक माझ्या कानासाठी यायचे. आता खरं सांगू? नोकरी संपली, मुलगा परदेशात, सोसायटीत मला ‘ते सी विंगचे आजोबा’ म्हणतात. आठवड्याचे सहा दिवस मी कोणाला कशाला हवा असतो? रविवारी सकाळी सहा ते साडेसहा मात्र तीन माणसं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत असतात. तो अर्धा तास गेला तर... जाऊ दे.

आणि तोच जायची वेळ आली ना! एकोणीसच्या झाल्या अकरा, अकराच्या चार. कोणाची सोसायटी पुनर्विकासात गेली, कोणाचे गुडघे गेले... ती गाडी बसायला सोपी आहे हो, उठायला क्रेन लागते. आणि एका रविवारी गिल्बर्ट इडली चिवडत म्हणाला, “डॉक्टर, रागवू नको हां. रसेल बोलतोय इलेक्ट्रिक घे. दोन सीटचीच आहे, स्पोर्ट्सच आहे. बघायला येशील ना?”

रसेल त्याचा मुलगा. मी म्हटलं, “आणि पास?”

“कसला पास?”

“त्या गाडीला पास कोण देणार? तिला इंजिनच नाही. मी कान कशाला लावू?”

गिल्बर्टने इडलीचा आणखी चुरा केला. भीमराज म्हणाला, “चटणी संपली वाटतं.”

म्हणून गेलो शोरूममध्ये. मी, गिल्बर्ट, भीमराज. तिथे श्रुतिका नावाची मुलगी, वयाने माझ्या नातीएवढी, वागायला फार चांगली, उगाच खोटं कशाला बोलू. मी विचारलं, “पेट्रोलची दोन-आसनी दाखवा.”

“बंद झाली सर.”

“का?”

“गेल्या वर्षी चार विकल्या आम्ही. त्यातली एक परत आली.”

“परत का आली?”

“शेजाऱ्यांची तक्रार, सर. आवाजाची.”

बघा! म्हणजे आवाज हा आता गुन्हा! मला एकदम भरून आलं... चार! आख्ख्या वर्षात चार! आमच्या एका रविवारी एकोणीस असायच्या! आणि मग तिने ती इलेक्ट्रिक चालू केली, किंवा केली म्हणे, आणि मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. हो, नेला होता. सवय! बॉनेट उघडायला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले... काही नाही. आणखी आत वाकलो... काही नाही. अर्धा मिनिट मी तसा ओणवा, आणि श्रुतिका हळूच म्हणते, “सर, ती डिकी आहे. पुढची. बॅग ठेवायला.”

तुम्हाला सांगतो, आवाजच नाही, आणि नसणारच! मी सूटकेसच्या जागेची छाती तपासत होतो!

पण खरी वाट त्यानंतर लागली. तिने गाडी हळू मागे घेतली. मी आपला ठणकावून म्हणालो, “बघा, बघा, मुडद्यासारखी सरकतेय, आवाजच नाही!” आणि भीमराज... फार साधा माणूस, त्याच्या मनात काही नसतं... भीमराज म्हणाला, “झकास शीळ घालते रे!”

“कसली शीळ?”

“ही काय! ऐकू येत नाही तुला?”

श्रुतिका म्हणाली, “रस्त्यावर चालणाऱ्यांना कळावं म्हणून दिलीय सर. बारीक आहे, पण येते ऐकू.”

मी गिल्बर्टकडे बघितलं. गिल्बर्ट आपल्या बुटांकडे बघत होता. चाळीस वर्षं ओळखतो मी त्याला. गिल्बर्टने बुटांकडे बघितलं की समजायचं, पिस्टन फुटलाय.

परतताना मी त्याच्या हिरवीत बसलो. अंधेरीच्याच एका सिग्नलला विचारलं, “गिल्बर्ट, खरं सांग. मला ऐकू येत नाही?”

“येतं ना. आता माझं आलंच की.”

“गाडीचं?”

सिग्नल सुटला, मागून हॉर्नवर हॉर्न... ते मला येत होते ऐकू, हे विशेष. शेवटी म्हणाला, “डॉक्टर, दोन वर्षं झाली. तू रविवारी पास देतोस. आम्ही सोमवारी कांदिवलीच्या गॅरेजवाल्याला दाखवतो.”

“सगळे?”

“सगळे.”

“भीमराजसुद्धा?”

“भीमराजनेच गॅरेज शोधलं.”

दोन वर्षं! म्हणजे शंभरेक रविवार ती माणसं पहाटे उठून, माझ्यासमोर श्वास रोखून उभी राहिली, मी डोळे मिटून “ठणठणीत!” म्हटलं, त्यांनी “थँक यू, डॉक्टर” म्हटलं, आणि सोमवारी... मी म्हटलं, “अरे, मग सांगायचं ना मला!” तर गिल्बर्ट म्हणतो, “काय सांगणार? तू मूठ कानाला लावून डोळे मिटतोस ना, तेव्हा असा खूश दिसतोस... गॅरेजला काय, सोमवारी जाता येतं.”

मी घरी येऊन नीलाला सांगितलं. म्हटलं आता ही म्हणेल, छे हो, काहीतरीच. ती म्हणाली, “चला, कोणीतरी बोललं एकदाचं!” मी तिला दीड वर्ष ऐकवत होतो की हल्लीचे कुकर शिट्टी नीट वाजवत नाहीत.

मग आमच्या पार्ल्यातच कान तपासायला गेलो. तिथल्या मुलीने काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. “आजोबा, आवाज आला की दाबा.” मी तयार. पाच मिनिटं झाली, मी बाहेर डोकावून म्हटलं, “अहो, सुरू करताय ना?” ती म्हणाली, “आजोबा, अर्धं झालं.” मग तिने आलेख दाखवला. डावीकडे सरळ, आणि मग जो काही घसरलाय... कसारा घाट! म्हणाली, “जाड आवाज येतात तुम्हाला. बारीक गेलेत.”

आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला घाम फुटला. कारण इंजिनाची गुरगुर जाड असते. टॅपेटची टिकटिक, बेअरिंगची किरकिर, पट्ट्याची चिरचिर, सगळे रोग बारीक! म्हणजे माझी लाल गाडी वर्षावर्षाने म्हातारी होत होती, आणि मला ती वर्षावर्षाने गोड होत चाललेली वाटत होती! मी लोकांना सांगत फिरत होतो, “जुनं इंजिन बघा, मुरतंय, लोणच्यासारखं!” गाडी मुरत नव्हती हो... मी बहिरा होत होतो! आता मला शंका येते, आमच्या काळचं जे जे मला छान आठवतं, त्यातलं खरंच किती छान होतं आणि किती नुसतं ऐकू आलं नाही? चुकत असेन. चुकत असलो तर बरं.

यंत्रं घेतली. दोन कानांना दोन, वाटाण्याएवढी. रविवारी ती घालून गाडी चालू केली, आणि आई शप्पथ, मी उडी मारून बाहेर! भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत खाली यावं तसा आवाज! मी म्हटलं, कोणाची गाडी ही? वॉचमन म्हणाला, “तुमचीच ना साहेब. रोजचाच आवाज आहे.”

तरी तशीच बोरिवलीला नेली. स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळ्यात आधी स्वतःची तपासली. नापास. मग भीमराजची पिवळी, नापास. चौथ्या सभासदाची, नापास. आणि पार्किंगच्या टोकाला नवी कोरी, निळी... गिल्बर्टची इलेक्ट्रिक. घेतलीच त्याने. गाडीशेजारी ताठ उभा, शाळेतल्या पोरासारखा.

“डॉक्टर, पास.”

“गिल्बर्ट, चेष्टा नको.”

“नियम आहे ना? पासशिवाय गाडी हलायची नाही.”

मी म्हटलं, चालव. हळू, माझ्यापासून त्या खांबापर्यंत आणि परत. डोळे मिटले. आणि आली हो शीळ! बारीक, लांबून, कोणीतरी घरात स्वतःशीच गुणगुणावं तशी. आणि त्या शिळेच्या मागे... कुर्र... कुर्र... “थांब!” मी ओरडलो. “मागचं डावं चाक! ब्रेक घासतोय!”

भीमराज म्हणाला, “नवीन गाडी आहे रे ती.” गिल्बर्टने रस्त्यातच बसकण मारली, टायरला कान लावला, बोट घातलं आणि बारीकसा खडा काढून तळहातावर धरला. चौघे त्या खड्याकडे असे बघत होते जसा काही हिराच. गिल्बर्टचे डोळे... जाऊ दे, म्हातारपणी वाऱ्याने पाणी येतंच. म्हणाला, “दोन वर्षांत पहिल्यांदा बरोबर सांगितलंस, डॉक्टर. मला उद्या गॅरेजला जायचं नाही.”

बाकीच्यांना मी सहीशिक्क्यानिशी सोमवारी गॅरेज लिहून दिलं, हळू चालवायच्या अटीवर गोराईला नेलं. गिल्बर्टच्या अंगणात बसलो, त्याच्या सुनेने चहा दिला, आणि चहाचा कप तोंडाला लावतो तोच कानात टुंग... टुंग... आणि यंत्रं बंद, कानात दोन बुचं बसल्यासारखं सगळं गप्प. भीमराजचे ओठ हलतायत, नुसते हलतायत. चार्जिंग संपलं! रोज रात्री लावायचं असतं, मी विसरलो. म्हणजे हसू नका, पण मंडळात इलेक्ट्रिकवर गेलेला पहिला सभासद गिल्बर्ट नव्हता, मी होतो!

गिल्बर्टने खुणेने विचारलं, माझे दोन्ही कान त्यांच्या चार्जिंगच्या डबीत घातले आणि डबी आपल्या निळ्या गाडीत वायर लावून चार्जिंगला ठेवली. भरायला तीन तास. नीला जेवायला थांबलेली. मग काय करता? कान गोराईला ठेवले आणि मी एकटा पार्ल्याला निघालो, त्या नापास, खिळखिळ्या, उद्या गॅरेजला जायच्या लाल गाडीतून...

तुम्हाला सांगतो, काय गोड चालत होती हो!